'मीठ कमी करा' म्हणजे नेमकं किती?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा अँजिओप्लास्टीनंतर घरी सोडताना जो कागद हातात पडतो, त्याच्या तळाशी बहुतेक वेळा चार ओळी असतात. मीठ कमी. तेल-तूप कमी. नियमित चालणे. ताण घेऊ नये. याला सल्ला कशाला म्हणायचं, हा आशीर्वाद आहे. 'सुखी राहा' म्हटल्यावर माणूस जितका सुखी होतो, तितकंच 'मीठ कमी करा' म्हटल्यावर मीठ कमी होतं. नाशिकच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर असो की पिंपळगावच्या मळ्यातला बंगला, तो कागद फाइलीत जातो, फाइल कपाटात जाते आणि आमटीत मीठ पूर्वीइतकंच पडतं. यात पेशंटचा हट्टीपणा फारसा नसतो. घरी जाऊन काय करायचं, किती, कोणी आणि दिवसातल्या कोणत्या वेळी, यातलं काहीच त्या कागदावर नसतं.

आणि करण्यासारखं तर पुष्कळ असतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात असं दिसलं की पहिल्या झटक्याच्या जोखमीतला सुमारे ९० टक्के वाटा नऊ गोष्टींचा आहे: धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात ५९व्या. आपल्याकडे वेळ कमी आहे, आणि जे बदलायचं आहे ते जवळजवळ सगळं स्वयंपाकघरात, खिशात आणि गोळ्यांच्या डब्यात आहे.

मिठापासून सुरुवात करू, कारण ते मोजायला सगळ्यांत सोपं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं. त्यात स्वयंपाकातलं, पानात वरून घेतलेलं, लोणच्या-पापडातलं, पावातलं, फरसाणातलं असं सगळं आलं. भारतातली सरासरी ८ ग्रॅमच्या घरात आहे. पण ग्रॅम कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, पिशवी उभी राहते. घरात चार माणसं असतील तर ५ ग्रॅमच्या हिशेबानं दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ५० दिवस. बाहेरच्या खाण्यातून येणारं मीठ वजा धरलं तर ती दोन महिने जायला हवी. म्हणून पहिलं काम एवढंच: नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख टाका. बाकी काही बदलू नका. ती महिन्यात संपली, तर माणशी ८ ग्रॅमचा हिशेब झाला, आणि तो तुमच्याच घरातला आकडा आहे. कोणी सांगितलेला नाही, त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात लोणच्या-कुरडयांसाठीचं मीठ मात्र वेगळ्या पिशवीतून घ्या, नाहीतर एप्रिल-मेमध्ये सगळा हिशेब कोसळतो.

दुसरं काम वाटीचं. खोकल्याच्या औषधाबरोबर ५ मिलीचं प्लॅस्टिकचं माप येतं ते घ्या. बारीक मीठ त्यात भरून सुरीच्या पाठीनं सपाट केलं की साधारण ६ ग्रॅम होतं. चार माणसांना दिवसभराच्या स्वयंपाकासाठी अशी अडीच मापं, म्हणजे १५ ग्रॅम. सकाळी एका छोट्या वाटीत काढून ठेवायची आणि भाजी, वरण, कोशिंबीर, ठेचा, सगळं त्याच वाटीतून करायचं. वाटी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं. आज महिन्याला किलो जात असेल, तर एकदम अडीच मापांवर येऊ नका, घरात बंड होतं. साडेचार मापांवर या, दहा-बारा दिवसांनी चार, मग साडेतीन, असं उतरत जा. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं आणि लसूण यांच्यावर निभवायचं. भाताला आणि कणकेला मीठ बंद केलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, तिथून सुरुवात केलेली बरी.

यात घोटाळे ठरलेले आहेत. सासूबाई चव बघून चिमूटभर वाढवतात आणि ती चिमूट वाटीतून येत नाही, डब्यातून येते. खडा मिठाचं माप वेगळं पडतं, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. आणि सैंधव. 'आम्ही साधं मीठ खातच नाही, सैंधव खातो' हे इतक्या समाधानानं सांगितलं जातं की ते मोडायला जिवावर येतं. पण सैंधव म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, रंग गुलाबी एवढंच. सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं मीठ हा खरोखर वेगळा प्रकार आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यानं पक्षाघात आणि हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले. पण किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला चढू शकतं.

तेलाचंही तसंच, फक्त थोडक्यात सांगतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला तीन छोटे चमचे. चौघांना दोन लिटर. अडचण पंधरा किलोच्या डब्याची असते. त्याच्यातून किती गेलं हे कळायला मार्गच नाही, आणि भरलेला डबा बघून हात सैल सुटतो. डबा आणायचाच असेल तर आणा, पण महिन्याच्या एक तारखेला दोन लिटर दोन बाटल्यांत काढा आणि झाकण लावून टाका. दाण्याचं कूट विसरू नका, शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं. 'कोणतं तेल चांगलं?' हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा प्रश्न. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, मोहरी, आलटून पालटून काहीही वापरा, पण दोन लिटरच वापरा. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, आणि चहाबरोबरची खारी-टोस्ट-नानकटाई हीसुद्धा तेलातच धरा.

मिसळीबद्दल न लिहिता नाशिकमध्ये हृदयाबद्दल लिहिणं म्हणजे ढोंग आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडला गेलेला माणूस 'मिसळ बंद' हे वाक्य ऐकून मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच असतो, फक्त आता घरी सांगत नाही. एकदा लपवायला लागला की बाकीचंही लपवतो, गोळी चुकल्याचंसुद्धा. त्यापेक्षा मिसळीचे भाग पाडा. मटकी उत्तम आहे, दह्यालाही हरकत नाही. मीठ-तेलाचा भार फरसाण, तर्री, पापड आणि पाव यांच्यात आहे. महिन्यातून एकदा, फरसाण निम्मं, तर्री वेगळ्या वाटीत मागवून वरची चमच्यानं बाजूला, रस्सा दुसऱ्यांदा नाही, पाव एक. हे पाळलं जातं. 'बंद' पाळलं जात नाही.

आता हे सगळं कोणाला सांगायचं? पुरुष पेशंट असेल तर समोरच्या खुर्चीत काका बसतात, पोळ्या करणाऱ्या काकू बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसतात. आतल्या पंधरा मिनिटांचं सार बाहेर आल्यावर 'काही नाही, मीठ कमी म्हणालेत' एवढंच उरतं. स्वयंपाक करणारी व्यक्ती आत हवी, आणि मीठ-तेलाचं बोलणं तिच्याशी हवं. बाई पेशंट असेल तर गोष्ट आणखी बिकट. मावशी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खातात, स्वतःपुरती वेगळी भाजी त्या कधीच करणार नाहीत. 'तुमच्यासाठी कमी मिठाचं करा' हे त्यांच्यापुरतं निरर्थक आहे. सगळ्या घराचं मीठ उतरवणं हाच मार्ग, आणि त्यासाठी मुलाशी-सुनेशी बोलावं लागतं.

'समजलं का?' हा प्रश्न तर कायमचा टाकून द्यावा. त्याला 'हो' सोडून दुसरं उत्तर आपल्याकडे नाही, डॉक्टरांसमोर 'नाही' म्हणणं उद्धटपणा वाटतो. त्याऐवजी: 'आबा, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, मला एकदा सांगून दाखवा.' मग कळतं की 'जेवणानंतर एक' याचा अर्थ आबांनी 'दोन्ही जेवणांनंतर एकेक' असा घेतला आहे. ऐकून घ्यायला दोन मिनिटं लागतात. चूक सापडली तर ती सांगणाऱ्याची धरायची, 'मी नीट सांगितलं नाही' म्हणून परत सांगायचं आणि परत वदवून घ्यायचं. आणि एका भेटीत एकच बदल ठरवायचा, फार तर दोन. सहा बदल घेऊन घरी गेलेला माणूस एकही करत नाही.

गोळ्यांकडे वळू, कारण झटका येऊन गेलेल्या माणसाचं खरं नुकसान इथे होतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो, कोलेस्टेरॉल खाली, बीपी १२६/७८, आणि पेशंट म्हणतो, 'नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?' निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे समजावणं सगळ्यांत सोपं आहे. द्राक्षबागेत भुरी (बुरशीचा रोग) दिसत नाही म्हणून फवारणी फुकट गेली असं तो कधी म्हणतो का? फवारणी आहे म्हणून भुरी नाही. कोलेस्टेरॉलची गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो, बीपीचंही तेच. 'गोळीची सवय लागते' यातली 'सवय' म्हणजे एवढंच: आजार आतमध्ये आहेच, गोळीनं तो दाबून धरला आहे. स्नायू दुखणं, लघवी गडद होणं असं काही झालं तर जरूर सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. स्वतःहून बंद करून पुढच्या भेटीला 'घेतोय' म्हणणं मात्र घातक. डॉक्टर त्या खोट्यावर विश्वास ठेवून डोस वाढवतात.

स्टेंट, म्हणजे रक्ताची नळी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉरसारखी, झटक्यानंतर बहुतेकदा वर्षभर एकत्र चालतात. सुरुवातीच्या महिन्यांत त्या अचानक थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो झटका साधा नसतो. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, नाकातून थोडं रक्त आलं, अशा कारणांनी त्या घरच्या घरी बंद होतात. दंतवैद्यांना पहिल्या वाक्यात स्टेंटची तारीख सांगा आणि गोळी थांबवायची का हे हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

बऱ्याच गोळ्या मात्र बंड म्हणून नव्हे, तर हिशेबानं चुकतात. चार गोळ्यांपैकी दोनची पट्टी दहाची, एकीची पंधराची, एकीची चौदाची. प्रत्येक पट्टी वेगळ्या दिवशी संपते. महिन्यातून चार वेळा मेडिकलला जायचं म्हणजे एखादी राहतेच, आणि जी राहते ती आठवडाभर राहते. उपाय साधा आहे: सगळ्या एकाच दिवशी किमान तीस दिवसांच्या घ्या. दहाच्या तीन पट्ट्या, पंधराच्या दोन, चौदाच्या तीन. चौदाच्या उरलेल्या बारा पुढच्या महिन्यात धरा. दर महिन्याची तीच तारीख ठरवा, पगाराची किंवा पेन्शनची. दुसरा घोटाळा नावांचा. एका ब्रँडची गोळी घरात असते, जन औषधी केंद्रातून स्वस्तात तीच दुसऱ्या नावानं येते, आणि माणूस दोन्ही घेतो. मग उभं राहिलं की चक्कर. पट्टीवर औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं, ते वाचायला शिका किंवा मुलाला शिकवा. ब्रँडचं नाव काय आहे याला महत्त्व नाही, मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळतात का ते बघा. बदललेली गोळी आणली की जुनी पट्टी त्याच दिवशी डब्यातून बाहेर.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला 'सकाळी नऊला' हे सांगून उपयोग नाही, दर आठवड्याला त्याचे नऊ वेगळे असतात. गोळी घड्याळाला न बांधता कृतीला बांधा: झोपून उठल्यावर दात घासले की गोळी, मग ती सकाळ असो की दुपारचे तीन. गोळ्यांचा डबा ब्रशच्या पेल्याशेजारी, पण ओल लागणार नाही असा. एक वेळ विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाची नेहमीची तेवढीच, दोन नाहीत.

उपवासाचं वेगळं. एकादशीला, नवरात्रात, श्रावणी सोमवारी गोळ्या सुटतात, कारण 'पोटात काही नाही तर गोळी कशी घेणार' आणि 'गोळीनं उपवास मोडतो'. गोळीनं उपवास मोडत नाही, पण हे डॉक्टरांपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं तर लवकर पटतं. बीपीची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवणारी गोळी उपवासालाही चालू ठेवायची. शुगरची आणि लघवी होणारी गोळी यांचं काय करायचं ते आधी विचारून घ्या, रिकाम्या पोटी शुगर फार उतरू शकते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि दाण्याचे लाडू असा उपवास हृदयाला सुट्टी देत नाही, हे जाता जाता. भगर आणि ताक त्यापेक्षा बरं.

पुढची तारीख देताना कॅलेंडर एकदा बघावं. ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यात दिलेली तारीख बागायतदार पाळणार नाही, आणि जानेवारी ते मार्च काढणीत तो सापडणारच नाही. छाटणीच्या आधी एकदा, काढणी सुरू होण्याआधी एकदा, आणि त्या तीन महिन्यांच्या गोळ्या आधीच घरात. लग्नाच्या तिथी लोक जशा अडचणी बघून काढतात, तशीच ही तारीखही काढायची.

घरी बीपी मोजायचं यंत्र आता खूप घरांत आहे, आणि त्याच्यामुळे निम्म्या घरांत उगाच धास्ती आहे. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपनं मोजा. ३२ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा मागा, कारण छोटा पट्टा आकडा वाढवून दाखवतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको, दंड टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टाची बाही गुंडाळून आवळलेली नको. पाच मिनिटं गप्प. मोजताना बोललात, किंवा कुकरची शिट्टी मोजत बसलात, की आकडा वर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. हे सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या, उरलेल्या चोवीसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ च्या खाली हवी. दवाखान्यातली रेषा १४०/९० ची. एखाद दुसरा आकडा १५० दिसला म्हणून जास्तीची गोळी घेऊ नका, आणि ११० दिसला म्हणून आजची गोळी चुकवू नका. मात्र १८०च्या वर किंवा खालचा १२०च्या वर पुन्हा मोजूनही राहिला, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असं काही असेल, तर थेट दवाखाना. थंडीत बीपी वर जातं, निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा तर हमखास. मे महिन्यात तेच डोस जड होऊन चक्कर येऊ शकते. म्हणून वर्षातून दोनदा तरी हा सात दिवसांचा तक्ता भरावा, डिसेंबरात आणि मेमध्ये.

ज्यांच्या हृदयाचं 'पंपिंग कमी' आहे असं सांगितलंय, त्यांना बीपीच्या यंत्राइतकाच वजनकाटा गरजेचा. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, साठलेलं पाणी आहे. त्या दिवशीच फोन करा, पाय सुजेपर्यंत थांबू नका.

पोटाचा घेरही टेपनंच मोजतात, पॅंटच्या मापानं नाही. पॅंट पोटाखाली बांधून लोक वर्षानुवर्षं ३४ सांगतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप, श्वास सोडल्यावर. भारतीय पुरुषांना तो ९० सेंटीमीटरच्या आत हवा, बायकांना ८०च्या.

तंबाखूचा प्रश्न विचारायची पद्धतच चुकते. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की मावशी 'छे, छे' म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी मिसरी म्हणजे तंबाखू नाही, दंतमंजन आहे. म्हणून विचारावं, 'दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?' उत्तर 'चार-पाच वेळा' आलं की कळतं, दातांना इतकी स्वच्छता लागत नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिन तेच. सोडायची तर आधी पाच वेळांची तीन वेळा, जेवणानंतरची शेवटपर्यंत राहते, ती शेवटी. पुरुषांच्या पुडीचं मूळ खिशात असतं. तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते. पुडी खिशात असेल तर तेवढ्यात हात जातो, चौकातल्या टपरीवर असेल तर जाईपर्यंत लाट ओसरते. पहिले तीन दिवस सगळ्यांत वाईट, मग दोन-चार आठवडे चिडचिड. लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा तोंडात चालेल, सुपारी नको.

निकोटिनचा गम फसतो तो चघळण्यामुळे. लोक च्युइंगमसारखा चावत सुटतात, उचक्या लागतात, मळमळतं, आणि 'मला सोसत नाही' म्हणून टाकून देतात. तो सावकाश चावायचा, जिभेला झणझणलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचा. झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, मग दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटिन शोषलंच जात नाही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पुडी लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा गम पुरणार नाही, ४ चा लागतो. हृदयाचा आजार आहे त्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, झटका अगदी ताजा असेल तर विशेषतः. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे.

चालण्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की दोनच गोष्टी सांगतो. आठवड्याला १५० मिनिटं, अशा वेगानं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. झटक्यानंतर घरी आलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीनं सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि दर काही दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजून स्वतःच्या वाढवू नका. थंडीत पहाटे पाचला निघायची मर्दुमकी नको, ऊन आल्यावर निघा; जेवणावर लगेच नको. दुसरं, श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी. वर्षभर चाललेलं नसताना तिसऱ्या सोमवारी एकदम इतकं चालणं, तेही रात्रीचं, पावसात आणि उपाशीपोटी, हा व्यायाम नव्हे. जायचंच असेल तर चैत्रापासून तयारी करा आणि डॉक्टरांना आधी विचारा. सप्तशृंगीला ट्रॉलीनं गेलं तरी देवी पावते.

शेवटी, दुखायला लागलं तर. छातीवर दगड ठेवल्यासारखं, जबडा, खांदा, डावा हात, पाठ यांत कळ, घाम, मळमळ. मधुमेह असणाऱ्यांना आणि बायकांना कळ नसतेही, नुसता दम लागतो किंवा कारण नसताना गळून गेल्यासारखं होतं. आपल्याकडे यातल्या निम्म्या गोष्टींचं नाव 'गॅस' आहे. सोडा, ओवा, पाठीवरून हात, मग शेजारच्यांचा सल्ला, यात तास जातो. ब्लॉक झालेल्या नळीपलीकडचा स्नायू त्या तासात मरत असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितकं काम करतं तितकं नंतर करत नाही. म्हणून मर्यादा ठरवून टाका: घाम सुटला असेल तर शून्य मिनिटं, नाहीतर पाच. मग १०८. जिना उतरू नका, स्वतः मोटारसायकल काढू नका, बसून राहा. सॉर्बिट्रेट ज्यांना लिहून दिली आहे त्यांनीच, बसून, जिभेखाली; उभ्यानं घेतली तर बीपी उतरून पडायला होतं, आणि सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक क्षमतेसाठीची) गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर अजिबात नाही. सॉर्बिट्रेटनं ब्लॉक उघडत नाही, बरं वाटलं तरी जायचंच. ॲस्पिरिन चावून घ्यायची का, हे आजच विचारून ठेवा. अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असणाऱ्यांना उत्तर वेगळं असतं. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांनी घाट ओलांडून नाशिक गाठण्याआधी वाटेत ईसीजी आणि ते इंजेक्शन कुठे मिळतं हेही आधीच विचारून ठेवावं.

हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. गोळ्यांची मूळ नावं, ॲलर्जी, स्टेंटची तारीख, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड-आधारच्या प्रती कुठे ठेवल्यात ते. त्या दवाखान्यात योजना चालते का हेही आधी विचारलेलं बरं. सिडकोतल्या एकसारख्या गल्ल्यांत रुग्णवाहिका चुकते, म्हणून पत्त्याखाली जवळची खूण: मंदिर, दूध डेअरी, पाण्याची टाकी. रात्री सोसायटीचं गेट कोण उघडणार त्याचं नाव. आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. नव्या ईसीजीशेजारी जुना धरला की नवं काय झालंय ते तपासणाऱ्याला लगेच दिसतं.